लेबलावरचा रॉइस

ट्रेस फोर्क, केंटकी
६ मार्च

जेनेवा,

आधी बसून घे, मग वाच. मी चिडलेय आणि चिडूनच लिहितेय.

सरकारचं पत्र आलंय. वॉशिंग्टनच्या अन्न-औषध खात्याचं. सही घेतल्याशिवाय देत नाहीत तसलं. पोस्टातल्या ओपलनं सही घेतली आणि पाकीट हातात न देता विचारलं, "डार्ला, कुणाला मारलंबिरलंस की काय?" मी म्हटलं, "अजून नाही. फोड आणि वाच." माझं शिक्षण तुला माहीत आहे. आठवीतून तंबाखूच्या शेतात गेले ती गेलेच, म्हणून तू बारावीपर्यंत बसू शकलीस. असली भाषा मला झेपत नाही. ओपलनं चष्मा लावला आणि काउंटरवरच मोठ्यानं वाचलं. मागे रांगेत तिघं उभे होते, त्यांनीही ऐकलं. एकानं तर 'पुन्हा वाच' म्हटलं.

त्यांचं म्हणणं असं की मी भांगेचं तेल विकते ते औषध म्हणून विकते, आणि औषध विकायची परवानगी माझ्याकडे नाही. नशा न चढणारी भांग लावायची परवानगी आहे, दरसाल कृषी खात्याचा माणूस येऊन पानं तपासून जातो, हे त्यांना चालतं. बाटलीवर काय लिहिलंय ते चालत नाही. लेबलावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवलीत. 'सांधे मोकळे करतं.' 'शांत झोप लावतं.' आणि तिसरं तुझं. 'माझ्या नवऱ्याला आठ महिने फिट आली नाही. देवाची कृपा आणि हे तेल.' शेजारी रॉइसचा फोटो आहे, तेसुद्धा लिहिलंय. 'टोपी घातलेला, हसणारा पुरुष.' ओपल म्हणाली, "रॉइसचं नाव सरकारदरबारी गेलं बाई, आता निवडणुकीला उभा करा."

कामाचे पंधरा दिवस दिलेत. तेवढ्यात काय काय दुरुस्त करणार ते लिहून कळवायचं, नाहीतर माल उचलून नेतील.

आता मला सांग, वॉशिंग्टनमधल्या माणसाला ट्रेस फोर्कमधली डार्ला सापडली कशी? गेल्या जूनपासून तू बोलत नाहीस. फोन लावला तर लागत नाही. नोव्हेंबरात मी तीन तास ट्रक हाकत हॅमिल्टनला आले, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन, तर तू जाळीच्या दाराआडून म्हणालीस, "पायरीवर ठेव." केक आत गेला, मी बाहेर राहिले. एवढा राग पोटात असलेल्या बाईला सरकारला दोन ओळी खरडायला काय लागतं?

आपल्या चर्चमध्ये कुणाला बरं वाटलं की माणूस उभा राहतो आणि साक्ष देतो. आईनं दिली, आजीनं दिली. आजी म्हणाली माझा वाकडा हात प्रार्थनेनं सरळ झाला, तेव्हा कुणी डॉक्टरचा कागद मागितला नव्हता. गेल्या नाही, त्याच्या आदल्या सप्टेंबरातल्या मेळाव्यात तू बाकावरून उठून रॉइसची साक्ष दिलीस. सगळे 'आमेन' म्हणाले. मी तेच बाटलीवर छापलं. एक शब्द वाढवला नाही. यात खोटं काय आहे ते मला कळव.

रॉइस बरा आहे ना? निदान तेवढं कळव.

डार्ला


१५ मार्च

जेनेवा,

पत्र परत आलं. न फोडता. पाकिटावर तुझ्या हातचं, 'नको आहे, परत.' ओपल म्हणाली, "बहिणीचं अक्षर मात्र सुरेख आहे हो." मी म्हटलं, "बारावी आहे ती."

ते पाकीट तसंच ह्या पाकिटात घालतेय. फोडशील तेव्हा आधी ते वाच, म्हणजे क्रम चुकणार नाही.

पण आधी हे. तू तक्रार केलेली नाहीस. मी त्या खात्याला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकवली, मग एक बाई आली. आवाजानं तरुण, बोलायला सरळ. मी म्हटलं, "कुणी कळवलं ते नाव सांगा." ती म्हणाली, "कुणीच कळवलं नाही, मॅडम. आमच्या माणसानं पोस्टानं बाटली मागवली आणि लेबल वाचलं. आमचं कामच ते. लेबलं वाचायची."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि पगार मिळतो?"

"मिळतो," ती म्हणाली, आणि हसली.

तेव्हा मी तुला बोलले ते मागे घेते. एकदा म्हटलं, पुन्हा म्हणणार नाही.

मग मी तिच्याशी साक्षीवरून भांडले. म्हटलं, देवाच्या घरात उभं राहून माझी बहीण जे बोलली त्यावर तुमचं सरकार पेन्सिल फिरवणार का? ती म्हणाली, "चर्चमध्ये तुम्ही हवं ते बोला, तिथे आमचा काही अधिकार नाही. पण ते बाटलीवर कुणी चिकटवलं?"

"मी."

"मग तो दावा तुमचा. कुणाच्या तोंडचा आहे ते आम्ही बघत नाही."

मी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

ती म्हणाली, "आणखी एक विचारते, हे पत्रात नाही. फोटोतला माणूस खरा आहे का? की कुठूनतरी चित्र घेतलंय?" मी म्हटलं, "खरा म्हणजे काय, माझ्या बहिणीचा नवरा आहे." तर म्हणाली, "त्यांच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना? असली तेलं घेऊन लोक गोळ्या सोडतात, म्हणून विचारलं."

मी म्हटलं, "चालू आहेत."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना." आणि फोन ठेवला. चुलीवर घेवड्याचं भांडं करपलं होतं, ते घासत बसले.

आता लेबलाचं. तुला विचारलं नव्हतं, रॉइसलाही नाही. फोटो मेळाव्यातलाच, टेबलावर कोंबडी खाताना काढलेला, कोंबडी कापून टाकली आणि तोंड ठेवलं. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. खरं सांगायचं तर तसं काही वाटलं नव्हतं. छापखान्यातला माणूस म्हणाला, एखादा चेहरा असला की बाटली उठते, आणि माझ्याकडे तेवढाच चेहरा होता.

मग रॉइसच्या मालकाच्या बायकोनं जत्रेत तीच बाटली उचलली. अकरा वर्षं कागदाच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होता आणि फिट येतात हे कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी त्याला घरी पाठवलं. तू म्हणतेस नोकरी माझ्यामुळे गेली. मी म्हणते लपवल्यामुळे गेली. तसली गाडी चालवणाऱ्यानं लपवायला नको होतं. पण उघड करायचं काम माझं नव्हतं, हेही खरं.

त्याच्यावर लक्ष ठेव.

डार्ला


२२ मार्च

जेनेवा,

दुसरंही परत आलं. जाड झालं होतं म्हणून तुमच्याकडच्या पोस्टमननं वजन केलेलं दिसतंय, वर शिक्का आहे. आता हे तिन्ही एकात.

त्या बाईचा फोन आला होता. त्यांनी बाटलीतलं तेल तपासलं. लेबलावर जेवढा अर्क लिहिलाय त्याचा दहावा हिस्सासुद्धा निघाला नाही. बाकी सूर्यफुलाचं तेल. ती म्हणाली, "हे कसं झालं?" मी म्हटलं, "बघते."

बघायचं काय आहे त्यात? गेल्या ऑगस्टात कृषी खात्याचा माणूस पानं घेऊन गेला, आणि चार दिवसांनी येऊन म्हणाला, "डार्ला, पीक तेज निघालं. नशेच्या बाजूला गेलं." मर्यादेच्या जरासंच वर. पण त्याच्याकडे जरासं चालत नाही. उभं पीक नांगरून टाकायला लावलं. तो बांधावर उभा राहून बघत होता, आणि चांगला माणूस आहे, बघवत नव्हतं त्याला. आदल्या वर्षीच्या तेलाचे दोन कॅन उरले होते. मागण्या येतच होत्या. मग मी मिसळलं. आधी अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं. कुणाची तक्रार आली नाही. लोक लिहायचे, झोप छान लागते. सूर्यफुलाच्या तेलानं लागत असेल तर लागू दे, असं म्हणून मी बाटल्या भरत गेले.

रॉइसलाही त्यातल्याच जातात. हे तुला माहीत नाही. तुझं माझं बोलणं बंद झालं तरी मी त्याला बाटली पाठवते, त्याच्या मासेमारीच्या दोस्ताच्या पत्त्यावर.

काल रॉइसचा फोन आला. गॅरेजमधून करतो, तू वर असलीस की. म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, सरकार पकडून नेतंय म्हणे तुला? तुरुंगात कोंबडी मिळते का विचारून ठेव." हसतो तो अजून तसाच. मग म्हणाला, "एक खूशखबर आहे. आमच्या पाद्र्यानं, ब्रदर व्हर्जिलनं, मला चर्चची व्हॅन चालवायला दिली. ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेपासून. बारा म्हाताऱ्या, घरोघरी जाऊन उचलायच्या आणि टेकडीवर न्यायच्या."

मी म्हटलं, "तू व्हॅन चालवणार नाहीस."

"का? डॉक्टरनं कागद दिलाय. फिट नाही, औषध नियमित."

"रॉइस."

"नऊ महिने मी खुर्चीत बसून आहे, डार्ला. जेनेवा कामाला जाते आणि मी पडदे मोजतो. मला कुणीतरी चाव्या दिल्या, आणि तू मला नाही म्हणतेस? तू?"

मग आपणच म्हणाला, "तशी फिट नाही आली. दोनदा नुसतं हरवल्यासारखं झालं. मागच्या आठवड्यात गळाला दोरा बांधत होतो, शुद्धीवर आलो तर दोरा हातात आणि कॉफी थंडगार. म्हातारपण, दुसरं काय."

मी म्हटलं, "जेनेवाला सांग." तर म्हणाला, "सांगशील तर मी म्हणेन डार्ला खोटं बोलते. तुझं लेबल दाखवीन तिला. कुणावर विश्वास ठेवील ती?" आणि हसला.

तू हे फोडलंस तर त्याला व्हॅन चालवू देऊ नकोस. कारण विचारू नकोस, मी सांगते म्हणून.

डार्ला


२७ मार्च

जेनेवा,

तिसरं अजून आलं नाही. येईलच. तू कारण न विचारता कधी कुणाचं ऐकलं नाहीस, तेव्हा शेवटची ओळ लिहिली ती मूर्खपणाची होती. कारण लिहिते.

रॉइस गोळ्या घेत नाही. सप्टेंबरपासून.

तू रोज सकाळी कॉफीबरोबर त्याच्या हातावर दोन गोळ्या ठेवतेस. तो तोंडाकडे हात नेतो, कॉफी पितो, आणि गोळ्या खिशात टाकतो. मग गॅरेजमध्ये गळांच्या डब्यात नेऊन ठेवतो. फेकत का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, "महागाच्या आहेत, फेकवत नाही."

आणि हे त्याला मी सांगितलं.

सांगितलं म्हणजे कसं, तेही लिहिते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. सप्टेंबरातली गोष्ट. पीक गेलं होतं. कुंपणाकडच्या ओळीतली चार-दोन झाडं खात्याच्या माणसानं मर्यादेत निघाली म्हणून सोडली होती, ती मी जुन्या तंबाखूच्या कोठारात आढ्याला टांगत होते. शिडीवर होते. फोन खांद्यात धरलेला. रॉइस बोलत होता की गोळ्यांनी डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं, हात थरथरतात, गळाचा दोरा ओवता येत नाही, आणि आता नोकरीच नाही तर कशाला घ्यायच्या. तो बोलतच होता. तुला माहीत आहे तो किती लांबण लावतो. माझे हात भरून आले होते आणि खाली आणखी ओझं पडलं होतं. मी म्हटलं, "मग सोड की त्या. तेल आहे ना?"

एवढंच. मला फोन ठेवायचा होता.

तो म्हणाला, "खरंच?" मी म्हटलं, "तुझीच बायको चर्चमध्ये उभी राहून म्हणाली ना?" आणि फोन ठेवून पुढचं झाड टांगलं.

आठ महिने फिट आली नाही तेव्हा तो तेलही घेत होता आणि गोळ्याही. तू साक्ष दिलीस त्यात गोळ्यांचं नाव नव्हतं, कारण देवापुढे गोळ्यांचं नाव कोण घेतं? आजीनंही घेतलं नव्हतं. तिचा हात सहा महिने डॉक्टरनं लाकडी पट्टीत बांधला होता, हे मला आईनं नंतर सांगितलं. साक्षीत पट्टी नव्हती. आपल्याकडे कुणाच्याच साक्षीत पट्टी नसते, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं. बाटली विकत घेणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्या वॉशिंग्टनच्या बाईला हे एका लेबलावरून कळलं. मला शिडीवर कळलं नाही.

आज सरकारला उत्तर पाठवलं. शेवटचा दिवस होता. मी सांगत गेले, ओपल लिहीत गेली. लेबलं जाळली. बाटल्या कोठारात आहेत, येऊन घेऊन जा, मी पुन्हा भरणार नाही. ज्यांना ज्यांना पाठवल्या त्यांची नावं सोबत आहेत, त्यांना मी पत्रं टाकतेय की ह्यात सूर्यफुलाचं तेल आहे, आपल्या डॉक्टरकडे जा. मग ओपल म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "एक ओळ राहिली. लिही. मी फोनवर सांगितलं की फोटोतला माणूस गोळ्या घेतो. तो घेत नाही. मीच बंद करायला लावल्या."

ओपलनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "जेनेवाला माहीत आहे?"

मी म्हटलं, "तिला तीन वेळा लिहिलंय."

"वाचलंय का तिनं?"

मग तिनं पेन उचललं आणि ओळ लिहिली.

तू विचारशील की मी गाडी काढून येत का नाही. आले तर तू दार उघडणार नाहीस, आणि रॉइस तुझ्यामागे उभा राहून हसेल, आणि मी जाळीतून ओरडत असेन. त्याच्या हसण्यापुढे माझं ओरडणं खरं वाटत नाही, हे मी चाळीस वर्षं बघितलंय. ब्रदर व्हर्जिलला फोन करावा, तर तू म्हणशील डार्लानं पुन्हा मंडळीसमोर त्याची लाज काढली. एकदा काढली आहे. दुसऱ्यांदा काढायची तर तुला आधी सांगून काढीन.

पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिते, 'फोड.'

डार्ला


३ एप्रिल
(पोस्टकार्ड, मागे घोड्याचं चित्र)

जेनेवा,

दोन्ही परत आली. 'फोड' लिहिलं त्याच्याच खाली तू 'नको' लिहिलंयस. म्हणून कार्ड. याला फोडावं लागत नाही. परत पाठवायला हातात घेशील तेवढ्यात वाचून होईल.

रॉइस सप्टेंबरपासून गोळ्या घेत नाही. मी सोडायला सांगितलं. बाटलीत सूर्यफुलाचं तेल आहे. त्याला दोनदा शुद्ध हरपली, त्यानंच सांगितलं. रविवारी पहाटे तो बारा बायका घेऊन टेकडी चढणार आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. गॅरेजमध्ये गळांचा हिरवा डबा आहे, खालचा कप्पा बघ. त्याला डॉक्टरकडे ने, आपल्या मनानं गोळ्या सुरू करू नकोस.

हे ओपलनं वाचलंय, म्हणजे संध्याकाळपर्यंत ट्रेस फोर्क वाचेल. तुमचा पोस्टमनही वाचेल. वाचू दे. शुक्रवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर शनिवारी सकाळी मी ब्रदर व्हर्जिलला सांगणार, हे आधी सांगतेय.

जागा संपली. आधी डबा उघड, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

डार्ला